डोस चुकला, आता पुन्हा पहिल्यापासून?

लहान मुलांचे आईवडील मला सर्वांत जास्त वेळा जो प्रश्न विचारतात, तो ‘लस द्यावी की न द्यावी’ हा नसतो. लस द्यायची, हे आपल्याकडे बहुतेकांनी मान्य केले आहे. प्रश्न असतो तो तारखेचा. ‘दीड महिन्याचा डोस दिला, मग गावी गेलो, आता बाळ पाच महिन्यांचे झाले. सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे का?’ ‘नाक वाहतेय, पुढच्या महिन्यात आणले तर चालेल का?’ ‘एकाच दिवशी तीन सुया बाळाला झेपतील का?’ ‘उद्या निघायचे आहे, आठ दिवस आधीच टोचून टाका ना, डॉक्टर!’

पनवेलमध्ये हे प्रश्न जरा जास्तच येतात. आपले गाव ये-जा करणाऱ्यांचे. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते आणि तीन-चार महिन्यांनी बाळाला घेऊन परत येते. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात एसटी व कोकण रेल्वे भरभरून माणसे गावी जातात. २०१६ साली महानगरपालिका झाली, त्याच्या आधीपासून इमारतींची कामे जोरात होती. त्या कामांवर दूरदूरहून कुटुंबे येतात आणि काम संपले की दुसरीकडे जातात. दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातील वाड्यांवरची कितीतरी कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर मुक्कामाला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. अशा घरांतील बाळाचा पहिला डोस एका गावात, दुसरा दुसऱ्या गावात होतो आणि तिसरा राहून जातो. म्हणून आज लसींमधील अंतराविषयी जरा सविस्तर पाहू.

एकदा टोचले की झाले?

आपल्या घरातील वयस्कर मंडळींच्या दंडावर देवीच्या लसीचे गोल व्रण अजून दिसतात. हिंदुस्थानात ही लस पहिल्यांदा टोचली गेली ती आपल्या शेजारी मुंबईतच. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती दिली गेली. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग जगातून गेल्याचे जाहीर केले. त्या लसीमुळे ‘एकदा टोचले, निशाणी उठली, काम झाले’ अशी समजूत लोकांच्या मनात बसली. मात्र सगळ्या लसी तशा नसतात. काहींना तीन डोस लागतात, काहींना वर्षा-दोन वर्षांनी उजळणी लागते. हे आकडे कोणी मनाला येईल तसे ठरवलेले नाहीत.

अंतर कशासाठी?

लस म्हणजे रोगजंतूची शरीराला करून दिलेली ओळख. लसीत मेलेले किंवा अशक्त केलेले जंतू असतात, नाहीतर त्यांचा एखादा निरुपद्रवी भाग असतो. पहिला डोस दिल्यावर शरीर जागे होते. आठ-दहा दिवसांनी त्या जंतूविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ लागतात, काही आठवडे वाढतात आणि मग ओसरतात. बाहेरून आपल्याला एवढेच दिसते. आत मात्र दुसरे, अधिक महत्त्वाचे काम चालू असते. शरीर त्या जंतूला ओळखणाऱ्या पेशींची निवड करत असते. ज्या पेशींची पकड चांगली त्या राहतात, बाकीच्या बाद होतात. राहिलेल्या पेशी ‘स्मरणपेशी’ म्हणून जपल्या जातात. या निवडीला काही आठवडे लागतात.

आता दुसरा डोस फार लवकर दिला तर काय होईल? रक्तात पहिल्या डोसाची ताजी प्रतिपिंडे फिरत असतात. ती नव्या लसीला तिथल्या तिथे अडवतात. स्मरणपेशीही अजून तयार नसतात. म्हणजे सुई टोचली, बाळ रडले, लस खर्च झाली, पण फायदा जेमतेम. घरात दह्याला विरजण लावतो, तेव्हा तासाभराने पातेले हलवून पाहिले तर दही लागत नाही. तसेच हे आहे. म्हणून सुरुवातीच्या डोसांमध्ये किमान चार आठवडे, म्हणजे २८ दिवसांचे अंतर ठेवतात, आणि उजळणीचा डोस त्यानंतर सहा महिन्यांहून अधिक काळाने देतात.

मग कुणी म्हणेल, अंतर जितके जास्त तितके चांगले, तर तिन्ही डोस सावकाश वर्षभरात का देऊ नयेत? शरीराच्या बाजूने पाहिले तर थोडे जास्त अंतर बाधत नाही. पण रोग थांबून राहत नाही. डांग्या खोकला मोठ्या मुलाला दोन-तीन महिने हैराण करतो, पण दोन-तीन महिन्यांच्या तान्ह्याचा त्यात श्वास अडकतो आणि जीव जाऊ शकतो. म्हणून दीड महिना पूर्ण होताच पहिला डोस आणि मग चार-चार आठवड्यांनी पुढचे दोन, असे साडेतीन महिन्यांत आटोपतात. लसीचे वेळापत्रक ही अशी तडजोड असते. एका बाजूला शरीराला हवा असलेला वेळ, दुसऱ्या बाजूला रोग गाठण्याची भीती.

गोवराची लस नऊ महिन्यांनीच का?

आईला गोवर होऊन गेलेला असेल किंवा तिने लस घेतलेली असेल, तर तिची प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात. पहिले काही महिने तीच बाळाला जपतात. पण हीच प्रतिपिंडे लसीतील अशक्त विषाणूलाही मारून टाकतात. त्यामुळे फार लवकर दिलेली गोवराची लस फुकट जाण्याचा संभव असतो. नवव्या महिन्यापर्यंत आईकडून आलेले हे संरक्षण बरेचसे ओसरते. नऊ महिन्यांना लस दिली तर साधारण शंभरांपैकी ८५ मुलांमध्ये ती लागू पडते. वर्षाला दिली तर ९५ मुलांमध्ये. जिथे गोवर क्वचितच दिसतो असे श्रीमंत देश म्हणून वर्षभर थांबतात. आपल्याकडे गोवर वर्षाच्या आतील बाळांनाही गाठतो, म्हणून आपण थांबत नाही.

राहिलेल्या पंधरा मुलांचे काय? त्यांच्यासाठी दुसरा डोस, १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे गोवराचा दुसरा डोस हा मुख्यतः उजळणीचा नव्हे, पहिल्या वेळी ज्यांना लस लागली नाही त्यांना दिलेली दुसरी संधी आहे. आपले मूल पंच्याऐंशीतले की पंधरातले, हे बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून दुसरा डोस सर्वांना.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडी भागात, आणि भिवंडी, मालेगाव येथे गोवराची साथ आली. मुले दगावली. त्या वेळी केंद्र सरकारने साथीच्या भागातील नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना एक जादा डोस देण्याची सूचना केली. जिथे नऊ महिन्यांखालील बाळांनाही गोवर होत होता, तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही लस द्यावी, असे सांगितले. तो डोस मात्र हिशेबात धरायचा नव्हता. पुढचे दोन ठरल्याप्रमाणे द्यायचेच होते. साथ दारात आली की काही लसी वाया जाण्याची तयारी ठेवूनही आधी टोचावे लागते, हे यावरून ध्यानात यावे.

उशीर झाला म्हणून परत पाठवू नये

काही वर्षांपूर्वी वीटभट्टीवरून एक कातकरी बाई दोन वर्षांच्या मुलाला पाठुंगळी घेऊन माझ्याकडे आली. मुलाच्या अंगावर गोवराचे पुरळ उठून काळपट पडू लागले होते. डोळे लाल, तोंड आलेले आणि छाती भात्यासारखी चालत होती. गोवरातून न्यूमोनिया झाला होता. तिने कनवटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले लसीकरणाचे कार्ड काढले. इतक्या मुक्कामांत भांडीकुंडी हरवली असतील, पण कार्ड तिने सांभाळले होते. त्यावर साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसींच्या नोंदी होत्या. गोवराचा रकाना कोरा. विचारले, तेव्हा कळले की मूल चौदा महिन्यांचे असताना ती एका ठिकाणी लसीकरणाला गेली होती. ‘नऊ महिन्यांची तारीख टळली, आणि कार्ड इथले नाही, जिथले आहे तिथे जा,’ असे तिला सांगण्यात आले. ती गेली ती पुन्हा आली नाही. भट्टीवरचा एक दिवस बुडाला की त्या दिवसाची मजुरी बुडते. दुसऱ्यांदा कोण येणार?

मुलाला दाखल करावे लागले. प्राणवायू, सलाइन, ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस असे सगळे झाले आणि अकराव्या दिवशी ते आईच्या हातून भात खाऊ लागले. ते वाचले. पण हे सारे टाळता आले असते, आणि तेही नियमाला धरूनच. कारण नियम अगदी उलट आहे. गोवराची लस राहिली असेल तर पाच वर्षांपर्यंत केव्हाही देता येते. पहिला डोस आज, दुसरा किमान चार आठवड्यांनी. कार्ड कुठल्याही गावचे असो, लस जिथे मूल असेल तिथे मिळायला हवी.

इतर लसींनाही हाच न्याय. डोस राहिला असेल तर मोजणी पहिल्यापासून सुरू करायची नाही. जिथे थांबलो तिथून पुढे जायचे. पाच महिन्यांच्या ज्या बाळाला एकच डोस मिळाला आहे, त्याला आज दुसरा द्यायचा आणि चार आठवड्यांनी तिसरा. स्मरणपेशी अशा लगेच विसरून जात नाहीत. पहिला डोस वाया गेलेला नसतो, पण बाळ मधला सगळा काळ अर्धवट संरक्षणावर काढत असते. खरा तोटा तो.

मात्र उशिराची मुभा सगळीकडे सारखी नाही. कावीळ ‘ब’ ची जन्मानंतरची लस २४ तासांतच द्यावी लागते, कारण ती आईकडून बाळाकडे जाणारी लागण रोखण्यासाठी असते. जन्मानंतरचा पोलिओचा डोस १५ दिवसांपर्यंत. बीसीजी एक वर्षापर्यंत. रोटाव्हायरसचा पहिला डोस वर्षाच्या आत व्हायला हवा. पेंटाव्हॅलेंट लस वर्षाच्या आत सुरू झाली नाही, तर पुढे तिच्याऐवजी त्रिगुणी लस देतात, आणि त्रिगुणी सात वर्षांपर्यंतच देता येते.

एकच लस, दोन देश

अंतराचा प्रश्न घरोघरी पोचला तो करोनाच्या वेळी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविशील्ड आपल्यापैकी पुष्कळांनी घेतली. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले तेव्हा दोन डोसांतील अंतर चार ते सहा आठवडे होते. २२ मार्चला ते चार ते आठ आठवडे झाले, आणि १३ मे रोजी बारा ते सोळा आठवडे. त्या दिवसांत लसीचा तुटवडा होता. पहाटेपासून रांगा लावूनही माणसे हात हलवीत परत जात होती. त्यामुळे ‘लस नाही म्हणून तारीख पुढे ढकलली’ अशी बोलणी मी रोज ऐकत असे.

लोकांचा संशय समजण्याजोगा होता. पण त्या निर्णयामागे शास्त्रही होते. ब्रिटन, ब्राझील व दक्षिण आफ्रिका येथील चाचण्यांत असे दिसले होते की, दोन डोसांत सहा आठवड्यांपेक्षा कमी अंतर असेल तर लसीची परिणामकारकता सुमारे ५५ टक्के, आणि बारा आठवडे किंवा अधिक असेल तर सुमारे ८१ टक्के. वर सांगितलेले विरजणाचे तत्त्वच ते.

गंमत पाहा. आपण अंतर वाढवले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १४ मे रोजी, ब्रिटनने पन्नाशीपुढील लोकांसाठी ते बाराऐवजी आठ आठवडे केले. लस तीच. कारण काय? आपल्याकडून तिकडे पोचलेला नवा विषाणू, ज्याला पुढे डेल्टा म्हटले गेले. त्याच्यापुढे एका डोसाचे संरक्षण तुटपुंजे पडत होते. तिथल्या पाहणीत ते एकतृतीयांशाच्या आसपास भरले. दुसरा डोस लवकर देऊन म्हाताऱ्या माणसांना सावरणे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटले. आपल्यापुढे प्रश्न होता कोट्यवधी लोकांपर्यंत पहिला डोस पोचवण्याचा. पुढे मार्च २०२२ मध्ये आपल्याकडेही अंतर आठ ते सोळा आठवडे करण्यात आले. कोव्हॅक्सिन लस वेगळ्या पद्धतीची, तिचे अंतर चार ते सहा आठवडेच राहिले. यातून घ्यायचे ते एवढेच, की एका लसीचा नियम दुसरीला लावू नये.

इथे मात्र तारीख चुकवू नका

कुत्रे चावल्यावर घ्यायच्या लसीची गोष्ट वेगळी. इतर लसी रोग येण्याआधी दिल्या जातात. इथे विषाणू शरीरात शिरलेला असण्याची शक्यता असते आणि तो मज्जातंतूंतून मेंदूकडे निघालेला असतो. त्याच्या आधी प्रतिपिंडे तयार व्हायला हवीत. म्हणून इथे चार आठवड्यांचे अंतर नाही, दिवस मोजावे लागतात. पहिली सुई टोचली तो ‘शून्य दिवस’. कातडीत देण्याच्या पद्धतीत शून्य, ३, ७ आणि २८ व्या दिवशी लस घ्यायची; स्नायूत देण्याच्या पद्धतीत शून्य, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. जखमेतून रक्त आले असेल तर पहिल्याच दिवशी जखमेभोवती सीरमही टोचावे लागते. ते पहिल्या डोसानंतर सात दिवसांच्या आतच उपयोगी, कारण त्यापुढे शरीराची स्वतःची प्रतिपिंडे तयार होऊ लागलेली असतात.

दुसरा डोस झाला, जखम सुकली, आणि कामाच्या गडबडीत बाकीचे राहिले, असे पुष्कळ होते. जखम सुकण्याचा आणि रेबीजचा संबंध नाही. तारीख चुकलीच तर दुसऱ्या दिवशी जा, कोर्स पुन्हा पहिल्यापासून नको, पण अर्धवट सोडू नका. रेबीज झाल्यावर औषध नाही. आणि लसीला निघण्यापूर्वी जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका.

नेहमीचे काही प्रश्न

*एका दिवशी तीन-चार लसी दिल्या तर?* चालतात. वेगवेगळ्या जागी टोचल्या म्हणजे झाले. बाळ रोज जमिनीवरून, हातातून, हवेतून असंख्य जंतूंशी ओळख करून घेत असते. त्यापुढे या लसींचे ओझे किरकोळ आहे. एकच नियम ध्यानात ठेवा. गोवर, कांजिण्या यांसारख्या जिवंत जंतूंच्या दोन टोचायच्या लसी एक तर एकाच दिवशी घ्याव्यात, नाहीतर चार आठवड्यांच्या अंतराने. तोंडाने द्यायच्या पोलिओ व रोटाव्हायरसच्या लसींना हे बंधन नाही.

*सर्दी-खोकला असताना?* साधी सर्दी, किरकोळ ताप, थोडे जुलाब यांसाठी लस पुढे ढकलू नये. मूल फार आजारी असेल, दाखल करण्याइतके, तर बरे होताच द्यावी. आधीच्या डोसानंतर गंभीर त्रास झाला असेल किंवा अलीकडे रक्त चढवले असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना सांगावे.

*बाळ आठव्या महिन्यात जन्मले, तारखा पुढे न्यायच्या का?* नाही. जन्मतारखेपासूनच मोजायचे. अशा नाजूक बाळाला संरक्षणाची गरज अधिक.

*पल्स पोलिओचा डोस घेतला, मग नेहमीचा कशाला?* पल्स पोलिओचा डोस जादा असतो, नेहमीच्या डोसाच्या बदल्यात नव्हे. आपल्या देशातील पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला. ते दोन्ही डोस चिकाटीने दिल्यामुळेच.

*बीसीजीची खूण उठली नाही?* पुन्हा टोचण्याची गरज नाही.

*खाजगी दवाखान्यात दोन डोस झाले, आता सरकारी केंद्रात गेले तर?* चालते. फक्त कागद दाखवा, म्हणजे दिलेले डोस मोजले जातील.

*गरोदर बाईला?* धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस दिवस राहिल्याचे कळताच, दुसरी चार आठवड्यांनी. मागच्या गरोदरपणात दोन्ही डोस होऊन तीन वर्षे झाली नसतील तर एकच पुरतो. पूर्वी नाळ कापताना धनुर्वात होऊन किती तान्ही जात, हे जुन्या सुइणींना विचारा. २०१५ साली आपल्या देशातून बाळंतिणीचा व नवजात बाळाचा धनुर्वात हटल्याचे जाहीर झाले, त्यात या दोन सुयांचा वाटा मोठा आहे.

चौकट : कापून कपाटाला लावण्यासाठी

जन्मतः – बीसीजी, पोलिओ, कावीळ ‘ब’
६ आठवडे – पेंटाव्हॅलेंट, पोलिओ (तोंडाने व टोचून), रोटाव्हायरस, न्यूमोकोकल
१० आठवडे – पेंटाव्हॅलेंट, पोलिओ (तोंडाने), रोटाव्हायरस
१४ आठवडे – पेंटाव्हॅलेंट, पोलिओ (तोंडाने व टोचून), रोटाव्हायरस, न्यूमोकोकल
९ महिने पूर्ण – गोवर-रुबेला, पोलिओ (टोचून), न्यूमोकोकल उजळणी, ‘अ’ जीवनसत्त्व
१६ ते २४ महिने – गोवर-रुबेला दुसरा, त्रिगुणी उजळणी, पोलिओ उजळणी
५ ते ६ वर्षे – त्रिगुणी दुसरी उजळणी
१० व १६ वर्षे – टीडी
(जपानी मेंदूज्वराची लस ठरावीक जिल्ह्यांतच असते. सरकारी केंद्रात या सर्व लसी मोफत मिळतात.)

आता थोडे काम तुमच्याकडे. घरात पाच वर्षांखालील मूल असेल तर आज रात्री त्याचे कार्ड काढून वरच्या चौकटीशी ताडून पाहा. कोरा रकाना दिसला तर जवळच्या आरोग्य केंद्रात, अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे चौकशी करा. गावी जायचे असेल तर कपड्यांच्या आधी कार्ड पिशवीत घाला, आणि तारीख तिथे पडत असेल तर तिथल्या केंद्रात डोस घ्या. मोबाइलमध्ये कार्डाचा फोटो काढून ठेवला तर आणखी चांगले. तुमच्या इमारतीच्या कामावर, भट्टीवर, शेतावर बाहेरगावचे कुटुंब राहत असेल, तर त्या आईलाही एवढे सांगा की तारीख गेली तरी लस मिळते, कार्ड नसले तरी मिळते, आणि त्यासाठी मूळ गावी जावे लागत नाही. कुणी परत पाठवले तर तिच्याबरोबर दुसऱ्यांदा जाण्यासाठी अर्धा तास काढा.